प्राणपेटीची अकरा मिनिटं

स्वामींनी ओला हात वर केला. हातात साधासा पांढरा बल्ब होता, आणि तो भक्कन पेटला. ना वायर, ना होल्डर, ना बटण. इमारतीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं दाटीवाटीने बसली होती; सगळ्यांच्या तोंडून एकदम "आऽऽ" निघालं. पुढच्या रांगेतल्या शिंपीणकाकूंनी हात जोडले आणि मागच्यांनी फोन उंच धरले.

"पाहिलंत?" प्रकाशस्वामी म्हणाले. "ही जिवंत वीज! तुमच्या भिंतीतून येते ती मेलेली. तारेतून फरफटत आणलेली, मीटरमध्ये कोंडलेली, हजार घरांचे क्लेश चाटून आलेली! हिच्यावर यंत्रं जळणार नाहीत तर काय फुलणार? माझी प्राणपेटी हवेतून वीज ओढते. तिला तार नको, इंधन नको, ऊनसुद्धा नको."

ही हवेतली वीज एका पितळी कड्यांच्या लाकडी पेटीत राहत होती. पेटी टेबलावर ठेवताना दोन शिष्यांना घाम फुटला आणि एकाने कमरेवर हात ठेवला. हवा बरीच जड असावी.

"माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका," स्वामी पुढे म्हणाले. विश्वास ठेवायला लावायचा असला की हे वाक्य आधी म्हणायचं असतं. "तुमच्या वायरमनला विचारा! ज्याने या इमारतीत तीस वर्षं तारा ओढल्या, त्याच्याच हातून त्याच्या आईचं मशीन जळालं. सांग बाबा, कारण सापडलं का तुला?"

साठ-सत्तर माना मागे वळल्या. शेवटच्या खांबाला टेकून उभा असलेला वायरमन जमिनीकडे बघत होता. त्याने मान नकारार्थी हलवली.

त्याला कारण सापडलं होतं. मशीन जळाल्यावर एका मिनिटाच्या आत सापडलं होतं. आणि तो हातातला बल्ब? तसल्या बल्बांचं अख्खं खोकं त्याच्या दुकानात काउंटरखाली पडलेलं होतं. सगळं माहीत असून तो मूग गिळून उभा होता, आणि त्याचे कान तापले होते.

झालं होतं ते असं. आईला चार पावलं चाललं तरी धाप लागायची. घरातच ऑक्सिजन तयार करणारं मशीन ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. परदेशात राहणाऱ्या ताईने ते तिकडून, स्वेटरांमध्ये गुंडाळून, विमानातून स्वतः आणलं. तिकडच्या पिना चपट्या, इकडच्या भिंतीला भोकं गोल. वायरमनने दुकानातून अ‍ॅडॉप्टर आणला.

"अरे, तिकडची वीज वेगळी असते म्हणतात," ताई म्हणाली. "एकदा नीट बघून घेतोस का?"

"ताई, तीस वर्षं हेच करतोय मी. पिन बदलली की झालं."

त्याच्या हाती आजवर आलेलं प्रत्येक यंत्र इथलंच होतं, इथल्याच विजेसाठी बनलेलं. यंत्रामागची माहितीची पट्टी वाचायची कधी गरजच पडली नव्हती, आणि गरज पडत नाही ती सवय लागत नाही. त्याने बटण दाबलं. मशीन घरघरलं, आत फट् झालं, आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास खोलीभर पसरला. आईला खोकल्याची उबळ आली. ताई तिला धरून खिडकीपाशी घेऊन गेली. वायरमनने मशीन फिरवलं. मागच्या पट्टीवर ठळक छापलं होतं: १२० व्होल्ट. इथल्या भिंतीत असतात २३०. अ‍ॅडॉप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, विजेचा दाब बदलत नाही. त्यासाठी मध्ये ट्रान्सफॉर्मर लागतो. हे तो कालच्या पोरालाही समजावून सांगू शकला असता.

"काय झालं रे?" ताईने विचारलं.

त्याने मशीनची पाठ हळूच भिंतीकडे केली. "कळत नाही. या घरातच काहीतरी आहे."

सहा शब्द. पण शिलाईला दिलेला ब्लाउज पोचवायला शिंपीणकाकू नेमक्या दारात उभ्या होत्या, आणि काकूंच्या ओळखीत एक स्वामी होते. इथल्याच बनावटीचं दुसरं मशीन आलं, दहा दिवस सुरळीत चाललं, तरी काही उपयोग झाला नाही. तेही महिन्याच्या आत जळणार, असं स्वामींनी सांगून टाकलं. घराची वीज तोडा, आईला प्राणपेटीवर ठेवा. बाकीच्या घरांनीही भराभर पेट्यांसाठी नावं दिली. वायरमनसारखा वायरमन गप्प आहे, म्हणजे काहीतरी असणारच, असं जिन्यात जो तो दुसऱ्याला सांगत होता.

आता आई हॉलमध्ये मधोमध खुर्चीवर बसली होती, नाकाशी नळी, शेजारी नवं मशीन. स्वामींनी डोळे मिटले, मशीनची पिन भिंतीतून काढून पेटीत खोचली. मशीन सुरू झालं. टाळ्यांचा कडकडाट झाला. दोन मिनिटांनी स्वामींनी पिन काढून पुन्हा भिंतीत लावली.

"पुरे. शक्तीला शीण नको. आता वायरमन, तुझ्या हाताने स्वतःच्या घराचा फ्यूज काढ आणि माझ्या ओंजळीत टाक. पुन्हा लावायचा नाही."

सगळ्या घरांचे मीटर हॉलच्याच कोपऱ्यात होते. वायरमन स्टुलावर चढला. फ्यूजवर हात ठेवला. हा हात तिथे हजार वेळा गेला असेल.

"अरे," आईने खुर्चीतून हाक मारली. दोन शब्दांमागे एक श्वास घेत ती म्हणाली, "तू बघितलंयस ना सगळं नीट? तू हो म्हणतोयस... म्हणून मी तयार झाले हं. मला त्या स्वामींचं... काही कळत नाही."

वायरमनला वाटलं, स्टुलासकट जमिनीत गडप व्हावं. ती स्वामींच्या भरवशावर बसलीच नव्हती. ती त्याच्या भरवशावर बसली होती, आणि तो तिचा श्वास एका खोट्याच्या पायी बंद पेटीला जोडायला निघाला होता. त्याचे डोळे भरून आले. तो खाली उतरला.

"स्वामीजी, मशीन पुन्हा पेटीवर लावा. आणि चालू राहू द्या."

"का? संशय?"

"नाही. आम्ही थांबतो. आईला सोळा सोळा तास लागतं ते. आपण तासभर तरी बघू."

"शक्तीची परीक्षा घेतली की ती रुसते!"

"मग आईचा श्वासही रुसेल की तिच्याबरोबर," ताई ताडकन म्हणाली. डॉक्टरांनी दिलेला लहान सिलिंडर तिने वरून आणला, आईची नळी त्याला जोडली, आणि मशीनची पिन स्वतः पेटीत खोचली. लोक बघतच राहिले. ते आता हलायला तयार नव्हते. फुकटचा चमत्कार आणखी तासभर मिळत असेल तर कोणाला नको असतो?

पहिली पाच मिनिटं स्वामी विश्वशक्तीवर बोलले. सातव्या मिनिटाला घसा कोरडा पडला. नवव्या मिनिटाला पेटीतून बारीक आवाज आला, पीं... पीं... पीं.

"शक्ती हुंकार भरते आहे," स्वामींनी खुलासा केला.

"बॅटरी संपत आलीय," वायरमन म्हणाला.

अकराव्या मिनिटाला पेटी मुकी झाली. मशीन थांबलं आणि वीज गेल्याची कर्कश शिट्टी वाजवू लागलं. आई सिलिंडरवर शांत बसून होती. त्या शिट्टीत वायरमनने स्क्रूड्रायव्हर काढला आणि पेटीचे स्क्रू सोडवले. शिष्य आडवे आले, पण शिंपीणकाकूच त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. आत एक गाडीची बॅटरी होती आणि तिच्याशेजारी लहानसा इन्व्हर्टर. बॅटरीवर घरी चार्ज करायची वायर गुंडाळून ठेवलेली होती.

"रात्रभर भिंतीतली मेलेली वीज प्यायची, आणि सकाळी हवेतून आली म्हणायचं," वायरमन म्हणाला. मग त्याने टेबलावरचा बल्ब उचलला, आईचं बोट स्वामींच्या भांड्यातल्या पाण्यात बुडवून बल्बच्या बुडाच्या दोन टोकांवर टेकवलं. बल्ब पेटला. "याच्या पोटात चार्ज होणारी बॅटरी असते. वीज गेल्यावर उजेड राहावा म्हणून. दोन टोकं ओल्या बोटाने जोडली की लागतो. माझ्या दुकानात खोकंभर आहेत."

"म्हणजे मीही स्वामी झाले," आई म्हणाली.

"तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?" शिंपीणकाकूंनी विचारलं. "मग बोलला का नाहीस? मी सगळ्यांना तुझं नाव घेऊन सांगितलं रे!"

"लाज वाटली, काकू." तो मान वर करू शकला नाही. "पहिलं मशीन मी जाळलं. एकशेवीसचं मशीन दोनशेतीसवर लावलं. ताईने विचारलं होतं, तरी पट्टी वाचली नाही. मग पट्टी भिंतीकडे केली आणि घरात काहीतरी आहे म्हणालो. घरात काही नव्हतं. मी होतो."

हॉलमध्ये मशीनची शिट्टी तेवढी वाजत होती. ताईने पिन भिंतीत लावली तशी तीही थांबली. एव्हाना स्वामींना दुसऱ्या गावचा कार्यक्रम आठवला होता. पेटी न्यायचीही त्यांनी तसदी घेतली नाही.

"तारेशिवाय वीज मिळते," वायरमन कसाबसा म्हणाला. "गच्चीवर सौर पॅनल बसवा, खाली बॅटरी ठेवा, मी जोडून देतो. पण त्यात येते किती, लागते किती आणि पुरते किती वेळ, हे सांगता येतं. जो ते सांगत नाही, त्याची पेटी घेऊ नका. मीही सांगितलं नाही, तर माझ्याकडूनही घेऊ नका."

वाचणाऱ्यांनाही एवढंच सांगायचं आहे. चमत्कार दिसला की वाद घालत बसू नका. 'चालू राहू द्या, आम्ही थांबतो' म्हणा आणि घड्याळाकडे बघा. आणि जाणता माणूस गप्प असेल तर त्याच्या गप्प बसण्याला पुरावा समजू नका. त्याला बोलतं करा. तो कदाचित काहीतरी लपवत असेल.

जळलेलं मशीन आता वायरमनच्या दुकानात काउंटरवर असतं, पट्टी गिऱ्हाइकाकडे करून. कोणी विचारलं की तो सांगतो, "मी जाळलं." हे सांगताना अजून त्याची नजर खाली जाते.

आई त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तो तिच्या खोलीत नवा टेबलफॅन घेऊन आला आणि पिन लावायला वाकला.

"पट्टी वाचलीस?" पलंगावरून आवाज आला.

पंखा इथलाच होता, कोपऱ्यावरच्या दुकानातला. तरी त्याने तो फिरवला आणि वाचलं, "दोनशेतीस व्होल्ट."

"ऐकू नाही आलं."

तो सरळ उभा राहिला आणि शाळेतल्या मुलासारखं, शेजारी ऐकतील अशा आवाजात, पट्टीवरचा शब्दन् शब्द वाचून दाखवला. मग आईने नाकाची नळी सारखी केली आणि म्हणाली, "आता लाव."