लिफ्टवाला जिन्याने येतो

"गोण्या पोचल्या का वर?" नवव्या मजल्यावर धापा टाकत पोचलेल्या लिफ्ट-मेकॅनिकने विचारलं.

"तुझ्याआधी पोचल्या," दारात उभ्या असलेल्या आजी म्हणाल्या. "आणि दमल्याही नाहीत."

दुरुस्तीनंतर पहिली फेरी वाळूच्या गोण्यांची, दुसरी मेकॅनिकची, मग लोकांची, असा नियम. गेले चार महिने हा गडी गोण्यांना लिफ्टने धाडायचा आणि स्वतः जिन्याने त्यांच्या स्वागताला जायचा. वीस वर्षांत त्याच्या हातची एकही लिफ्ट पडली नव्हती. पण चार महिन्यांपूर्वी, एका धडधाकट लिफ्टमध्ये, त्याच्या छातीत अशी धडधड सुरू झाली की लोकांनी उचलून दवाखान्यात नेलं. तिथे हृदय ठणठणीत निघालं. बायकोला आनंद झाला; त्याला मात्र चोरी पकडल्यासारखं वाटलं.

मनाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "ही घबराट आहे. तिला हाकलू नका, तिच्यापासून पळूही नका. श्वास सावकाश सोडा. चढते तशी उतरते ती." त्याने समंजसपणे मान डोलावली होती आणि त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दवाखान्यातून तो जिन्यानेच उतरला होता.

आजींनी पिशवी उचलली. पिशवीत आजोबांचा धुतलेला सदरा आणि चष्मा. आजोबा समोरच्याच इस्पितळात, लिफ्ट तीन दिवस बंद, आजींचे गुडघे तीन वर्षं बंद. भेटीची वेळ पाचला संपायची. साडेचार वाजले होते.

"व्हा पुढे, आजी. लिफ्ट पक्की आहे."

"तू बसलास?"

"गोण्या बसल्या की!"

"गोण्यांची घरी कुणी वाट बघत नसतं. तू बसशील तर मी बसेन."

त्याने समजावलं. आजी हलेनात. पावणेपाच होत आले. शेवटी गोण्या बाहेर ओढून तो आत शिरला, भिंतीला चिकटला. आजी शिरल्या. दार मिटलं.

आठव्यावर धडधड गळ्याशी आली.

"पांढरा पडलास की रे. दोर तुटणार आहे का?"

"दोर पक्का आहे. मी कच्चा आहे."

"मग करायचं काय?"

"काही नाही. श्वास सोडायचा. लांब."

आजींनी लगेच फुंकर घातल्यासारखा श्वास सोडला. मग त्यानेही. गरम दूध निववत असल्यासारखी दोघं फुंकत फुंकत उतरू लागली. चौथ्यावर त्याला वाटलं, आता मरतोच. तिसऱ्यावरही वाटलं. दुसऱ्यावर वाटलं, पण जरा कंटाळून.

तळमजला आला.

"हे रोज करतोस तू?"

"आज केलं."

"मी सहाला येते परत. असशील ना?"

त्याने जिन्याकडे पाहिलं. "असेन."

आजी लगबगीने, म्हणजे गुडघ्यांना झेपेल तितक्या लगबगीने, निघून गेल्या. तो आतच उभा राहिला. मागे स्टीलच्या भिंतीवर त्याच्या तळव्यांचे दोन ओले ठसे उमटले होते. त्याने बाहीने ते पुसले, नीट, कडेपर्यंत.