पाठवणीची टेप

सहासष्ट सालची गोष्ट. चंद्रभाननं सरावलीतल्या आपल्या घराची पुढची खोली तीन महिने खपून अशी बंद केली, की बाहेर गाढव ओरडलं तरी आत पत्ता लागू नये. कारवीच्या कुडांना आतून गोणपाट, त्यावर काथ्या आणि त्यावर त्याच्या बायकोनं, झुंबरनं, माहेराहून आणलेल्या तीन गोधड्या. हौसेला मोल नसतं हे झुंबर जाणून होती, पण गोधड्या भिंतीवर गेल्या तेव्हा तिनंही दोन दिवस अबोला धरला. धरणारच की!

हा चंद्रभान मूळचा संगमनेरकडचा, तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या बांधकामावर वायरमन. मायदेशी परतणाऱ्या एका अमेरिकन साहेबाकडून त्यानं मोटारीच्या बॅटरीवर चालणारा टेपरेकॉर्डर घेतला, आणि तेव्हापासून आसपासचे बँडवाले त्याच्या दारी येऊ लागले.

माइक एकच. मग सगळ्यांचा आवाज बेतशीर कसा यायचा? तर वाजवणाऱ्यालाच पुढंमागं सरकवायचं. जमिनीवर खडूच्या खुणा केलेल्या. क्लॅरिनेट माइकपासून दोन हात, पितळी कॉर्नेट तीन हात, ढोल पार दाराशी. भाजीत मीठ घालावं तसा तो एकेकाला टीचभर पुढं, टीचभर मागं करी, आणि या कामात त्याला जेवणाचीही शुद्ध नसे.

माघात जवळच्याच नवापूरचा शांताराम आला. कोळीवाड्यातला बँडमास्तर, तीस वर्षं कॉर्नेट वाजवलेला. त्याच्या कॉर्नेटवाचून त्या गावातली नवरी उंबरा ओलांडत नसे. पण आता त्याचे पुढचे दात मुळापासून हलत होते, हिरड्या सुजल्या होत्या, आणि पालघरच्या डॉक्टरनं येत्या सोमवारी सगळे दात काढायचं ठरवलं होतं. दात गेले की ओठाचा आधार गेला, आणि कॉर्नेटही गेलाच. इकडं त्याच्या एकुलत्या लेकीचं, सुगंधाचं लग्न वैशाखात.

"चणे आले तवा दात चालले, वायरमन," तो म्हणाला. "पोरीची पाठवणी माज्याच कॉर्नेटवर व्हायला पायजे. तेवढी टेपवर घे. दुसऱ्या कोनी वाजवलेली मना ऐकवनार नाय."

शनिवारी बँड आला. चंद्रभाननं सगळ्यांना बजावलं, खुणेवरून पाऊल हलवायचं नाही, पायांचा आवाज टेपवर नको. वाजवून झालं. ऐकलं. प्रत्येक वाद्य जागच्या जागी, बेतशीर, आणि पाठवणीत मात्र जीव नाही. ढोल मागं पडत होता, कॉर्नेट अडखळत होता. असं सात वेळा झालं. रविवारी दुपारी शांतारामच्या हिरडीतून रक्त यायला लागलं, तरी चंद्रभाननं काय करावं? खोलीतच खोट आहे म्हणून आणखी एक गोणपाट ठोकलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

झुंबर चहा घेऊन आली. कप ठेवता ठेवता म्हणाली, "अवो, त्यांना चालू द्या की. उभ्या उभ्या कुठं पाठवणी होती का?"

चंद्रभानला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ही माणसं जन्मभर वरातीत चालत वाजवत आली होती. त्यांचा ताल हातात नव्हता, पायात होता, आणि त्यानं नेमके पायच बांधून ठेवले होते.

पण चालायचं तर अंतर बदलणार. त्यानं खुणा पुसल्या आणि माइकभोवती सुतळीनं तीन रिंगणं आखायला घेतली, म्हणजे कितीही चाललं तरी माइक तेवढाच लांब. कॉर्नेटचं रिंगण आखलं, क्लॅरिनेटचंही आखलं. ढोलाचं काही खोलीत मावेना. आड स्वयंपाकघराचा कूड येत होता, तोच, तीन महिने शिवून काढलेला. चंद्रभान त्याच्याकडं बघत राहिला. त्याला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. मग त्यानं शांतारामकडं पाहिलं. तो ओठाला रुमाल लावून उभा होता, रुमाल लाल झाला होता. कूड काय, पुन्हा उभा करता येईल. चंद्रभाननं गोधड्या उतरवल्या आणि कूड आपल्या हातानं उपटून काढला.

झुंबरनं पाण्याचा माठ कोपऱ्यात नेला. ढोलवाला चुलीला वळसा घालून फिरू लागला, बाकीचे आपापल्या रिंगणात, आणि शांतारामनं कॉर्नेट ओठाला लावला. या खेपेला दुसऱ्यांदा वाजवावं लागलं नाही. टेपवर पावलंही वाजली, वाजू देत.

वैशाखात नवापूरला लग्न लागलं. टेपरेकॉर्डर मांडवात, भोंगा बांबूवर बांधलेला. पाठवणीची वेळ झाली तशी चंद्रभाननं टेप सोडली. सूर निघाला आणि शांताराम सवयीनं सगळ्यांच्या पुढं जाऊन उभा राहिला, नवरीकडं पाठ करून. पण हात रिकामे. काय करावं ते त्याला सुचेना. मग तो मागं फिरला आणि सुगंधाजवळ आला.

तीस वर्षांत त्यानं शेकड्यानं नवऱ्या घराबाहेर काढल्या होत्या, पण सगळ्या पाठीमागं. निघताना नवरीचं तोंड कसं होतं ते त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. तो लेकीकडं बघत राहिला, आणि डोळ्यांतलं पाणी त्याच्या बोळक्यापर्यंत ओघळलं.

"मना ठावंच नव्हतं गो बाय," तो म्हणाला. "सगल्याच पोरी अशा रडत व्हत्या?"

सुगंधानं पदरानं आधी त्याचं तोंड पुसलं, मग आपलं.