अपुरं भाषाज्ञान

आमची बालवाडी लाँड्रीच्या मागच्या खोलीत सुरू झाली. मी तेव्हा दवाखान्यात नर्स होते आणि पुढच्या खोलीत डोंगराकडून आलेली एक बाई इस्त्री करायची. कारखान्यामुळे आमच्या गल्लीत डोंगराकडची पुष्कळ कुटुंबं येऊन राहिली होती. त्यांची भाषा वेगळी, आमची वेगळी. त्यांची मुलं शाळेत गेली की वर्षभर तोंडाला कुलूप लावून बसायची आणि आमची मुलं त्यांना 'मुकी' म्हणायची. इस्त्रीवालीचा मुलगा असाच रडत घरी गेला. चिडवणाऱ्यांत माझी मुलगी होती. आम्ही दोघी भर गल्लीत कडाकडा भांडलो, आणि भांडून दमल्यावर लाँड्रीच्या पायरीवर बसून अकरा मुलं गोळा करायचं ठरवलं.

नियम एकच होता. प्रत्येक गोष्ट दोनदा बोलायची. मी म्हणायचे, "चपला ओळीत ठेवा," की पाठोपाठ ती तेच तिच्या भाषेत. मुलं घड्या घातलेल्या चादरींवर झोपायची. उठली की तिच्याकडे धावायची, कारण तिचे हात कायम गरम असायचे. तिला सगळी इस्त्रीमावशी म्हणत, मला नर्सताई. सहा महिन्यांत मुलं दोन्ही भाषांत खोटं बोलायला शिकली. मी मात्र तिची भाषा शिकले नाही. अडलंच नाही कधी. ती होती ना बाजूला.

बावीस वर्षं गेली. लाँड्री बंद पडली, ती पूर्णवेळ बालवाडीत आली. आम्हाला स्वतःची इमारत मिळाली, अंगणात घसरगुंडी आली, समिती आली. अध्यक्ष मी. मग सरकारी मान्यतेचं निघालं. दोन्ही भाषांना प्रमाणपत्रवाली शिक्षिका हवी, नाहीतर परीक्षा द्या. माझ्याकडे कागद होता. ती चौथी शिकलेली.

परीक्षा घ्यायला साहेब फाईल घेऊन आले. तिला म्हणाले, तुमच्या भाषेत एखादी गोष्ट सांगा. तिने मुलांची लाडकी, आंधळ्या बकरीची गोष्ट सांगितली, आवाज काढून, हातवारे करून. साहेब हसले नाहीत. सात शब्दांखाली रेघा मारल्या. "हे बोलीतले आहेत. अशुद्ध."

ती माझ्याकडे वळली. "ताई, सांग ना यांना. मुलं घरी असंच बोलतात."

"नियम आहेत गं," मी म्हटलं.

पत्र मी टाइप केलं. 'आपले भाषाज्ञान अपुरे असल्याने आपणांस सफाईच्या कामावर ठेवण्यात येत आहे. मुलांशी संभाषण टाळावे.' शेवटचं वाक्य सरकारचं नव्हतं. ते मी घातलं. तिच्या जागी नेमलेली नवी शिक्षिका दोनच दिवसांत कुरकुरायला लागली होती की मुलं आपल्याकडे न येता इस्त्रीमावशीमागे फिरतात.

पत्र तिने दोनदा वाचलं. "मला 'आपण' कधीपासून म्हणायला लागलीस?"

"सरकारी पत्र आहे."

"आणि रडणाऱ्या पोराला 'ये रे' पण म्हणायचं नाही?"

"थोडे दिवस. जरा स्थिरस्थावर होऊ दे."

त्या दिवसापासून तिने मुलांकडे पाहणंच सोडलं. एखादं पायाला बिलगलं तर ओली खुर्ची बाजूला करावी तसं बाजूला करायची. मला वाटलं, रुसली आहे, येईल ताळ्यावर.

नव्या शिक्षिकेने डोंगराकडच्या भाषेत पदवी घेतली होती, पण डोंगर फक्त चित्रात पाहिला होता.

पुढच्या सत्रात चार वर्षांची एक मुलगी आली. लोकरीची टोपी डोक्यावरून काढायची नाही, म्हणून पोरं तिला टोपी म्हणत. तिला आमची भाषा अजिबात येत नव्हती. एक दिवस सकाळी साडेनऊला ती घसरगुंडीवरून पडली. उठली, आत येऊन कोपऱ्यात बसली आणि हात स्वेटरात ओढून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लागली.

"काय म्हणतेय?" मी शिक्षिकेला विचारलं.

"हात वितळला म्हणतेय." शिक्षिका कौतुकाने हसली. "कल्पनाशक्ती छान आहे."

इस्त्रीमावशी खिडकीची काच पुसत होती. तिचा हात थांबला. मी पाहिलं. तिला कळलं होतं, आणि तिला कळलंय हे मलाही कळलं.

"काय गं, काय म्हणतेय ती?"

"मला कसं कळणार?" ती म्हणाली. "माझं ज्ञान अपुरं आहे. तुमच्याच सहीचं पत्र आहे."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सगळ्या मुलांसमोर, शिक्षिकेसमोर! मी नर्स होते. स्वेटर वर सरकवून हात बघायला कुठलीच भाषा लागत नव्हती. पण तेव्हा मी पोरीजवळ गेले असते तर हिने मला वाकवलं असं झालं असतं. मी म्हटलं, "बरं, पुसा काच," आणि ऑफिसात जाऊन बसले.

साडेतीन तास. मधे मुलगी ओकली. इस्त्रीमावशीने फरशी पुसली आणि बादली घेऊन निघून गेली.

एक वाजता बाप आला. त्याने लेकीचं वाक्य ऐकलं आणि तिला तिथेच खाली बसवलं. कोपर सुजून भोपळ्याएवढं झालं होतं. डोंगराकडे हाड मोडलं की 'वितळलं' म्हणतात. त्याने इस्त्रीमावशीला त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. तिने एका शब्दात उत्तर दिलं. तो तिच्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. मग मुलीला उचलून गेला. तो हात पुढे कधी पूर्ण सरळ झाला नाही.

चौकशी आली. अहवाल मी लिहिला. 'सफाई कर्मचाऱ्याने माहिती असूनही ती दडवली.' शब्दन् शब्द खरा होता. माझ्याबद्दल त्यात काही नव्हतं. तिला काढलं. शिक्षिकेला समज दिली. मी आणखी आठ वर्षं अध्यक्ष राहिले, आणि निवृत्त होताना माझा सत्कार झाला.

त्यानंतर महिन्याभराने मी तिच्या मुलाच्या घरी गेले. सुनेने दार उघडलं. इस्त्रीमावशी पलंगावर बसली होती, हाडं तेवढी उरलेली. मी म्हटलं, "चुकलं माझं." तेवढंच मला पाठ होतं.

ती बोलायला लागली. तिच्या भाषेत. शांतपणे, न थांबता, चांगली वीस मिनिटं. मधे एकदा हसली, एकदा तिचा आवाज कापला. मी मान हलवत राहिले. मग तिने भिंतीकडे तोंड केलं.

दारात मी सुनेला विचारलं, "काय म्हणाल्या?"

"पुन्हा येऊ नका म्हणाल्या."

"एवढंच? वीस मिनिटं बोलत होत्या त्या."

"बाकीचं तुमच्यासाठी नव्हतं," सून म्हणाली आणि कडी लावून घेतली.