उठायचं नाही, कप्तान

सोमवार उजाडला की कप्तानाच्या घरात भांडण ठरलेलं. कांद्याच्या वाफ्यात तण माजलेलं, पाण्याची पाळी आलेली, आणि हा बाबा अंगणात मांडी ठोकून खाकी सदऱ्यावर इस्त्री फिरवतोय. कोळशाची जुनी इस्त्री, मूठ तुटलेली, फडकं गुंडाळून धरायची. पण बाहीची घडी अशी कडक की तिच्यावर कांदा चिरावा.

"शेत तिकडं बोंबलतंय आणि तुम्ही नवरदेव होऊन निघालात," कप्तानीण म्हणाली. हातात खुरपं, पदर खोचलेला.

"धरण्यावर चाललोय. लग्नाला नाही."

"दीड वर्ष चाललाय की. काय मिळालं?"

कप्तानानं कॉलर उलटी केली आणि तिच्या घडीवर पाणी शिंपडलं.

आता हा कप्तान काही खरा कप्तान नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. फौजेत त्यानं सगळी वर्षं खेचरं हाकली. शिपाई म्हणून गेला आणि शिपाई म्हणूनच परत आला. पण गावाला एकदा नाव ठेवायची लहर आली की तिथं कोणाचं काय चालतं? गावानं त्याला बढती दिली ती दिलीच, आणि त्याची बायको काहीएक न करता कप्तानीण झाली. तिला आधी राग यायचा. मग बाजारात भाजीवाल्या "कप्तानीणबाई, या" म्हणून जागा द्यायला लागल्या, तेव्हा राग कमी झाला.

धरण्याला तिघं जायचे. एक कप्तान. दुसरा आचारी, ज्यानं फौजेत पलटणीच्या पलटणी जेवू घातल्या आणि घरी आल्यापासून चुलीकडं ढुंकून पाहिलं नाही. तिसरा बिनतारी. तो पाठीवर बिनतारी यंत्राच्या बॅटऱ्या वाहायचा. बॅटऱ्या गेल्या, पण दूरच्या ठाण्याशी बोलल्यासारखं ओरडून बोलायची सवय काही गेली नाही. त्यानं घरात मीठ मागितलं की चार घरांना कळायचं आज याच्याकडं आमटी आळणी झाली.

तिघं एकाच लढाईतले. उंच डोंगरात एक खिंड होती, तिथं ठाणं होतं आणि बारमाही बर्फ. शत्रू समोरच्या कड्यावर बसून खालच्या वाटेवरची माणसं टिपायचा. त्या वाटेनं हे तिघं रोज पहाटे चढायचे: कप्तानाची खेचरं, त्यांच्यावर आचाऱ्याची गरम डेग, मागं बॅटऱ्या घेऊन बिनतारी. अंधार पडायच्या आत खाली यायचे, कारण वर माणसांनाच अंग टाकायला जागा नव्हती, तिथं खेचरांना कोण विचारतो? लढाई संपली. सरकारनं पदक काढलं, आणि नियम केला की जे खिंडीत मुक्कामाला होते त्यांनाच ते मिळणार. या तिघांनी खिंडीत मुक्काम असा एकही केलेला नव्हता. म्हणून तिघांनी तालुक्याच्या कचेरीत अर्ज दिला आणि दर सोमवारी तिथल्या पायरीवर धरणं धरलं.

"वर बसून राहिले ते शूर!" बिनतारी सगळ्या आळीला ऐकू जाईल असा म्हणायचा. "रोज वर-खाली करून मेलो ते हमाल!"

कप्तान आणि बिनतारी यांचं दुखणं एवढंच होतं. आचाऱ्याचं वेगळं होतं. त्याच्या उजव्या पायाची बोटं त्या बर्फात गेली. कप्तानानंच त्याला डेगीच्या जागी खेचरावर बांधून खाली आणलं होतं. पण गावात लोहाराच्या भट्टीवर संध्याकाळची बैठक बसायची, आणि तिथं लोहारानं कधीतरी गंमत म्हणून सांगितलं की आचाऱ्यानं लाकडं फोडताना कुऱ्हाड स्वतःच्याच पायावर घातली. झालं. गावाला बर्फ कुणी पाहिलाय? कुऱ्हाड प्रत्येकाच्या घरात आहे. कप्तान-बिनतारीनं किती सांगितलं तरी कुऱ्हाडच खरी ठरली. आचारी आधी सगळ्यांबरोबर हसायचा. पण मग एके दिवशी त्याच्या लहानग्या नातीनं मांडीवर बसून मायेनं विचारलं, "आजोबा, तुम्हाला कुऱ्हाड दिसली नव्हती का हो?" त्या दिवसापासून तो भट्टीवर गेला नाही.

त्यात या वर्षी त्याचं हृदय कुरकुरायला लागलं. डॉक्टर म्हणाले, जपा. तो कप्तानाला म्हणाला, "मला पदकाचा सोस नाही रे. जायच्या आधी ती कुऱ्हाड तेवढी पायावरून काढायचीय."

ते कप्तानाच्या काळजाला लागलं. म्हणून तण सोडून इस्त्री.

"बरं, मला एक सांगा," कप्तानीण खुरपं खाली ठेवून म्हणाली. "कचेरीच्या पायरीवर तुम्ही बसता. साहेब गाडीतून उतरतात. मग?"

"मग काय, सलाम ठोकतो."

"बसून?"

कप्तानानं तिच्याकडं असं पाहिलं, जणू तिनं साहेबाला शिवी दिली होती. "बसून सलाम असतो का कुठं? उठतो. ताठ उभे राहतो. आचारीसुद्धा, भिंत धरून."

"आणि साहेब?"

"तेही सलाम करतात. हसतात, आत जातात. चांगला माणूस आहे."

"आणि संध्याकाळी?"

"संध्याकाळी निघतात, तेव्हा परत."

कप्तानीण कपाळावर हात मारून मटकन खाली बसली. "अहो, म्हणजे दीड वर्ष तुम्ही त्या माणसाला मानवंदना देताय. त्याला कसं कळणार तुम्ही रुसलाय म्हणून?"

"पायरीवर बसतो की दिवसभर."

"तो आत असतो तेव्हा!"

कप्तानाची इस्त्री जागच्या जागी राहिली आणि सदऱ्याला करपल्याचा वास आला. असं त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. साहेब आला की उठायचं, यात विचार करण्यासारखं काय असतं? ते पाय आपणहून उठतात.

"थांबा," कप्तानीण म्हणाली. "मी येते. तण काय, उद्याही तिथंच असेल."

कचेरीच्या पायऱ्या दगडी, रुंद, दुपारपर्यंत सावलीतल्या. कप्तानिणीनं तिघांना एका रांगेत बसवलं आणि स्वतः मागच्या पायरीवर बसली. एका हातात नवऱ्याच्या सदऱ्याचं टोक, दुसऱ्यात बिनतारीचं. आचाऱ्याला म्हणाली, "भाऊजी, तुम्हाला मी धरत नाही. तुमचा पायच तुम्हाला धरेल."

"वहिनी, हे बरं दिसणार नाही," आचारी कळवळून म्हणाला.

"बरं दिसायलाच तर दीड वर्ष घालवलंत. आज वाईट दिसू द्या. कुणीही उठायचं नाही."

"हुकूम समजला!" बिनतारी ओरडला. कचेरीतला शिपाई खिडकीतून डोकावला.

गाडी आली. दार उघडलं. साहेब उतरले, आणि उतरता उतरताच सवयीनं त्यांचा हात कपाळाकडं निघाला.

कप्तानाचे पाय आपणहून उठायला लागले. गोळ्या चालू असताना तो खेचराची दोरी धरून शांत उभा राहिला होता, पण साहेबासमोर बसून राहायचं म्हणजे काय असतं ते त्याला आज कळत होतं. बूड वीतभर सुटलंच. मागून कप्तानिणीनं असा हिसका दिला की सदऱ्याची खालची गुंडी तुटून पायऱ्यांवरून टणटणत गेली आणि साहेबांच्या बुटापाशी थांबली. बिनतारीनं डोळे मिटून घेतले होते. आचाऱ्यानं पाय पोटाशी घेतले.

साहेबांचा हात अर्ध्यावरच राहिला. त्यांनी गुंडी उचलली, तिघांकडं पाहिलं, मागं बसलेल्या बाईकडं पाहिलं.

"काय झालं?" ते काळजीनं म्हणाले. "तब्येत बरी आहे ना सगळ्यांची?"

तिघं एकमेकांना कोपरानं ढोसायला लागले. साहेबासमोर आधी बोलायचं नसतं ना.

"तब्येत ठणठणीत आहे, साहेब," कप्तानीण म्हणाली. "आज ते रुसलेत. म्हणजे रुसलेत दीड वर्षांपासून, दाखवतायत आज."

"रुसलेत? अहो, मला तर वाटलं, कचेरीच्या मानासाठी माजी सैनिकांना सरकारनंच नेमलंय. गेल्या महिन्यात वरच्या साहेबांपाशी मी यांचं कौतुकही केलं. काय ती शिस्त, म्हटलं!"

"ती शिस्तच नडली बघा. अर्ज तुमच्या टेबलावर आहे. तो एकदा वाचा, मग ते उठतील. नाहीतर मी सोडत नाही यांना."

साहेबांनी शिपायाकरवी अर्ज बाहेर मागवला. शिपायाला तो लगेच सापडला, कारण तो चहाच्या किटलीखाली होता. आणि मग साहेबांनी जे केलं त्यानं तिघांच्या तोंडचं पाणी पळालं. ते खालच्या पायरीवर, दगडावर, या तिघांच्या पायांशी बसले आणि वाचायला लागले.

"साहेब, खुर्ची..." कप्तान पुटपुटला. मागून परत हिसका.

वाचून झाल्यावर साहेब आचाऱ्याला म्हणाले, "बाबा, पाय दाखवता?"

आचाऱ्यानं कापडी बूट काढला. आत पुढच्या भागात कापूस कोंबलेला होता. साहेबांनी पाहिलं. "बर्फ?" त्यांनी विचारलं.

"बर्फ," आचारी म्हणाला, आणि इतक्या वर्षांत सोबत्यांखेरीज दुसऱ्या कुणाच्या तोंडून तो शब्द पहिल्यांदाच ऐकल्यामुळं की काय, त्याचे डोळे भरून आले.

पुढं सरकारी गाडा सरकारी चालीनं चालला. कांदा निघाला, विकला, वाफ्यात दुसरं पीक आलं. साहेबांनी पाठपुरावा सोडला नाही. शेवटी वरून उत्तर आलं: ज्यांना खिंडीच्या वाटेवर इजा झाली, त्यांच्यापुरता मुक्कामाचा नियम शिथिल. बाकीच्यांचा विचार चालू.

म्हणजे एकट्या आचाऱ्याला.

कप्तानाला ते लागलंच, खोटं कशाला बोला. ज्याला आपण खेचरावर घालून आणलं त्याला पदक, आणि आणणारा तसाच. रात्री त्याला भाकरी गोड लागली नाही. पण दुसऱ्या दिवशी आचारी पदक लावून, दाढी करून दारात आला आणि म्हणाला, "चल, भट्टीवर जाऊ. मला एकट्याला जाववत नाही." तेव्हा कप्तानानं निमूट पायात वहाणा घातल्या.

लोहार ऐरणीवर नांगराचा फाळ ठोकत होता. त्यानं आचाऱ्याच्या छातीकडं पाहिलं. घण खाली ठेवला. हात पुसून पुढं आला, पदक नीट न्याहाळलं, मग मान खाली घालून पाय न्याहाळला.

"आता मी लोकांना काय सांगू रे?" तो ओशाळून म्हणाला.

"बर्फ सांग," आचारी म्हणाला, आणि जुन्या जागेवर, भात्याच्या शेजारी, जाऊन बसला.

सोमवारी कप्तानानं पुन्हा इस्त्री पेटवली. कप्तानीण काही बोलली नाही, तीही पदर सारखा करून निघाली. पायरीवर कप्तान बसला, बिनतारी बसला, मागं ती बसली. आचाऱ्याला कुणी बोलावलं नव्हतं, तरी तो बाजूला भिंतीशी येऊन बसलाच.

गाडी आली. कप्तानाचे पाय पुन्हा उठायला लागले. सदरा मागून घट्ट ओढलेला होता.

भिंतीशी हालचाल झाली. आचारी उठत होता. एक हात भिंतीवर, मग गुडघ्यावर, मग तो अर्धा पाय दगडावर टेकवून सावकाश ताठ झाला. पदक सरळ केलं आणि खणखणीत सलाम ठोकला. साहेबांनी टाचा जुळवल्या आणि आचाऱ्याचा हात खाली येईपर्यंत आपला हात खाली आणला नाही.

"तो कसा उठला?" कप्तान दात-ओठ खात कुजबुजला.

"त्यांचं मिळालंय," कप्तानीण म्हणाली, आणि सदऱ्यावरची पकड आणखी घट्ट केली. "तुमचं मिळालं की तुम्हीही उठा."