पाय टेकेल अशी गाडी

इमकलाला ज्या वळणाची धास्ती बसली होती, ते दिसायला अगदी साधं होतं. बेनीच्या बाजारातून वर गावाकडे येणारा कच्चा रस्ता तिथे डोंगराला वळसा घालायचा. उजव्या हाताला खडक, डाव्या हाताला उतार, आणि उताराच्या तळाशी काली गंडकी नदी. याहून वाईट वळणं त्या रस्त्यावर पुष्कळ होती. पण बाकीच्या वळणांवर तिच्या पायाखालून जमीन गेली नव्हती.

वैशाखातली गोष्ट. इमकला गावोगाव फिरून शेळ्या-म्हशींना लस टोचायची. त्या दिवशीही लशींचा बर्फाचा डबा मोटरसायकलच्या मागे बांधला होता, आणि डब्याच्या आणि तिच्या मधे तिची लेक जुनकिरी बसली होती, आईच्या कमरेला दोन्ही हातांनी घट्ट धरून. समोरून वाळूचा टिपर आला. इमकलाने गाडी कडेला घेतली, थांबवली, आणि टेकायला डावा पाय खाली सोडला. पाय जातच राहिला. गाडी नवऱ्याची, चांगली उंच. सपाटीवरसुद्धा इमकलाचे फक्त चवडे टेकायचे, तेही एका अंगाला कलून. इथे तर कडच उतरती. पायाला जमीन सापडायच्या आत गाडीचा सगळा भार डावीकडे झुकला, आणि एकदा झुकल्यावर तो आवरणं तिच्या ताकदीबाहेरचं होतं.

झुडपांनी मायलेकींना धरलं. गाडीला नाही धरलं.

जुनकिरीच्या हनुवटीला टाके पडले, एवढंच. लोक म्हणाले, थोडक्यात निभावलं. इमकलाही तेच म्हणायची. पडणं तिला नीटसं आठवतही नव्हतं. आठवायचा तो पाय, हवेत जमीन शोधणारा. ढिंडोचं पीठ घोटताना, म्हशीची धार काढताना मधेच ती डावी टाच जमिनीवर दाबून बघायची. जमीन असायची. तरी थोड्या वेळाने पुन्हा दाबायची.

गाडी का पडली, याचं उत्तर घरात प्रत्येकाकडे तयार होतं.

"गेल्या दशैंच्या सणात नवमीच्या दिवशी गाडीला कोंबडा द्यायचा होता," सासू म्हणायची. "तू दिलास कोहळा. गाडीला हवं होतं ते तिने आपल्या हाताने घेतलं." कोहळा दिला होता हे खरं, कारण कोंबड्याचं जुनकिरीने नाव ठेवलं होतं आणि ती त्याला कुशीत घेऊन झोपायची. इमकला सासूला उलटून काही बोलायची नाही. पण लेकीचं तोंड पुसताना हनुवटीवरच्या त्या व्रणापाशी तिचा हात अडायचा.

"खडी होती, भाउजू," दीर लोकेन्द्र वहिनीला समजावायचा. "खडीवर कोणीही घसरतं."

आणि कतारमधून नवरा, खिम, फोनवर म्हणायचा, "सवय नाही, इमू. सवय केलीस की भीती आपोआप जाते."

पायांबद्दल कोणी बोललं नाही. तीही बोलली नाही. पाय आखूड आहेत ही काय सांगायची गोष्ट झाली? त्या डोंगरात रीतच तशी होती. गाडी परदेशातल्या पगारातून यायची, म्हणून परदेशातल्या माणसाच्या मापाची यायची. तो कधी तरी सुटीवर येऊन महिनाभर ती चालवायचा. बाकीचा सगळा काळ ती चालवायच्या घरच्या बायका, चवड्यांवर. टेकताना पाय गरम सायलेन्सरला लागायचा, आणि जवळजवळ प्रत्येकीच्या पोटरीवर एक गोल डाग असायचा. त्याला त्या हसून नवऱ्याची निशाणी म्हणायच्या.

आता दशैं तोंडावर आला होता आणि नवी गाडी घ्यायची होती. जुनकिरीची शाळा खाली बेनीत. जीप भरली की निघणार, नाही भरली तर नाही. वैशाखापासून पोर घरीच होती, आजीच्या मागे मागे, कोंबड्या हाकत. दशैंनंतर तिला शाळेत न्यायचं नक्की झालं होतं, आणि नेणार इमकलाच.

निघताना जुनकिरी उंबऱ्यावर उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "आमा, नव्या गाडीवरून पाय पोचेल ना?"

सगळ्या घरात हे त्या पोरीला एकटीला कळलं होतं, आणि तिला अजून अक्षरं येत नव्हती.

*

शोरूमच्या दारात झेंडूच्या माळा लावल्या होत्या. मालक सेरचन साहूंनी स्वतः उठून चहा मागवला. लोकेन्द्र तडक एका लाल गाडीपाशी गेला आणि तिच्या टाकीवर असा हात ठेवला, जणू आपलाच बैल आहे.

"हीच. दाजूने कतारमधून फोटो बघून ठरवून टाकलीय. पोटाखाली मोकळी जागा बघा, भाउजू. दगड खालून निघून जाईल, गाडीला कळणारसुद्धा नाही."

"माणूस पारखी आहे तुमचा," साहू म्हणाले. "बसून तर बघा, बहिनी."

इमकलाने पाय टाकला तो जवळजवळ उडी मारूनच. वर बसल्यावर तिला खोलीतल्या सगळ्यांच्या टाळूवरचे केस दिसायला लागले. सीट रुंद होती, मांड्या फाकल्या जात होत्या आणि त्यातच अर्धा पाय संपत होता. चवड्यांची टोकं फरशीवर लागली आणि गुळगुळीत फरशीवरून सरकली. लोकेन्द्रने एका हाताने हँडल धरून ठेवलं होतं.

"बघा, बसलात की नाही राणीसारख्या?"

"हात सोड तू."

"अं?"

"हात सोड म्हणते."

त्याने सोडला. गाडी केसभर कलली. केसभरच. पण इमकलाच्या कानात वाळूचा टिपर घरघरला, आणि साहूंनी मागून गाडी धरेपर्यंत तिने हँडल आवळून धरलं.

"नवी आहे," साहू हसले. "लाजते. सीट थोडी खाली करून देऊ."

त्यांनी मागची स्प्रिंग ढिली करून दिली. बोटभर फरक पडला. बोटभराने काय होणार?

तेवढ्यात लोकेन्द्रच्या हातात फोन वाजला. पडद्यावर खिम, डोक्यावर पिवळं हेल्मेट, गळ्यात घामाचं फडकं, मागे लोखंडी परांची आणि पांढरं आभाळ. जेवणाच्या सुटीत त्याने खास वेळ काढला होता.

"काय, बसलीस? झाली ना पसंत?"

"हो," तिच्या ओठांवर आलंच होतं. फोनमध्ये नेहमी तिचा चेहरा दिसायचा आणि चेहऱ्याने हो म्हणायला तिला कधी त्रास पडला नव्हता. ताप असताना, पीक वाहून गेलं तेव्हा, टाक्यांनंतर, सगळ्याला तिने चेहऱ्यानेच हो म्हटलं होतं. तो तिकडे एकटा. त्याला कशाला घोर? आजही एक हो म्हटलं की झालं. माळ घालतील, टिळा लावतील, गाडी घरी येईल. आणि मग ते वळण येईल.

"लोकेन्द्र," ती म्हणाली, "फोन खाली धर. पाय दाखव त्यांना."

"कोणाचे?"

"माझे. कोणाचे म्हणजे?"

लोकेन्द्र साहूंकडे बघून ओशाळा हसला आणि गुडघ्यावर बसला. फोन फरशीजवळ गेला. आता इमकलाला नवऱ्याचं तोंड दिसेना, नुसता आवाज येत होता, आणि त्यामुळे बोलणं थोडं सोपं झालं.

"टेकतंय की थोडं," खालून खिमचा आवाज आला.

"इथे फरशी आहे. वळणावर फरशी नाही. त्या दिवशी मी पाय सोडला आणि खाली काही नव्हतं. खडी नव्हती, कोंबडा नव्हता, सवयीचंही काही नव्हतं. माझा पाय पोचला नाही, एवढंच झालं."

शोरूममध्ये चहाचे पेले घेऊन आलेली बाई दारातच थांबली.

"इमू," खिम म्हणाला तेव्हा आवाज बारीक झाला होता. "त्या घरात माझ्या मापाचं आता काय उरलंय, सांग. माझे बूट हा लोकेन्द्र घालतो. माझ्या खाटेवर तुम्ही दोघी आडव्या झोपता. एक गाडी तेवढी होती. मी आलो की सीट खालीवर न करता बसायचो."

लोकेन्द्रने नकळत आपले बूट मागे ओढले.

इमकला घाबरली ती आत्ता. पडण्याची भीती तिच्या ओळखीची झाली होती. ही नवी होती. आपण या माणसाला त्याच्याच घरातून आणखी थोडं बाहेर ढकलतोय का? तो असाच एके दिवशी म्हणेल का, की मग येऊन तरी काय करू? होकार जिभेवर होता, गोड आणि सोपा. तिने गाडीची टाकी दोन्ही मांड्यांत घट्ट दाबली.

"तुम्ही आलात की तुमच्या मापाची बघू," ती म्हणाली. आवाज कापत होता, तो तिने कापू दिला. "मी स्वतः येईन तुमच्याबरोबर. पण तोवर जुनकिरी नानीला शाळेत मी नेणार आहे. आणि लटकत्या पायांनी मी तिला मागे बसवणार नाही. शाळा राहिली तर राहिली."

पलीकडे कोणी तरी लोखंडावर लोखंड आपटत होतं.

"तुझ्या पायाच्या मागे ती काळी कुठली दिसतेय?" खिमने विचारलं. "कोपऱ्यातली."

लोकेन्द्रने वळून बघितलं. "ती? दाजू, ती दूधवाल्यांची गाडी आहे."

"नावं ठेवू नका," साहू म्हणाले. "दूध सांडत नाही तिच्यावरून."

ती गाडी इमकलाला आल्या आल्याच दिसली होती आणि तिने मुद्दाम नजर वळवली होती.

"तिच्यावर बस," खिम म्हणाला. "आणि लोकेन्द्र, तू फोन खालीच ठेव."

काळ्या गाडीची सीट अरुंद होती. पाय कुठे अडले नाहीत, सरळ खाली गेले. दोन्ही टाचा फरशीला लागल्या. लोकेन्द्र काही तरी म्हणायला गेला, पण इमकलाने मान हलवली. फरशीवर तिचा विश्वास राहिला नव्हता.

"बाहेर काढा."

शोरूमसमोर रस्ता एका बाजूला उतरता होता. तिने गाडी आडवी उभी करायला लावली, डावी बाजू उताराकडे. लोकेन्द्र धरायला पुढे आला, त्याला तिने लांब उभं केलं. इंजिन चालू होतं आणि ती थरथरत होती; इंजिनची थरथर कुठली आणि आपली कुठली, तिचं तिलाच कळेना. मग तिने भार डावीकडे जाऊ दिला, तसाच, त्या दिवशीसारखा. पाय सोडला.

जमीन आली. आधी चवडा, मग तळवा. गाडी कलली आणि तिच्या मांडीला टेकून थांबली. तिने ती उजवीकडे ढकलून सरळ केली. पुन्हा कलू दिली, पुन्हा सरळ केली. रस्त्यावरचे लोक बघायला लागले.

"पोट जरा खाली आहे हिचं," साहू म्हणाले. "वरच्या रस्त्याला दगड लागतील. खालून पत्रा मारून देतो."

"लागू देत. दगड लागला की आवाज तरी होतो."

फोनमध्ये खिम हसला. त्या दिवशी पहिल्यांदाच. "दिसतोय पाय," तो म्हणाला. "घे."

*

नवमीला सासूने बाजारातून कोंबडा आणवला, ज्याचं कोणी नाव ठेवलेलं नव्हतं. जुनकिरीला झोक्यावर पाठवलं. इमकलाला माहीत होतं की वैशाखात पाय पोचला नव्हता आणि आता पोचतो, बाकी काही नाही. तरी ती कोहळा आणायला गेली नाही. सासूने गाडीच्या पुढच्या चाकावर रक्त शिंपलं, दिव्याला लाल टिळा लावला, तेव्हा इमकला डोक्यावर ओढणी घेऊन हात जोडून उभी होती. लेकीच्या बाबतीत कुठलंच दार बंद ठेवायची तिची छाती झाली नाही.

तिहारची दिवाळी उलटली, शाळा उघडली. सकाळी खाली जाताना काही वाटलं नाही, कारण जाताना खडक डाव्या हाताला असायचा. ते वळण भेटणार होतं परतताना. जुनकिरीला वर्गात सोडून इमकला लशी घ्यायला गेली, सह्या केल्या, डबा भरला, आणि दिवसभर तिची डावी टाच जमीन चाचपत राहिली.

दुपारी शाळा सुटली. जुनकिरी डब्याच्या आणि आईच्या मधे बसली. चढ सुरू झाला तशी तिची बडबड कमी कमी होत गेली आणि वळणाच्या अलीकडे पार थांबली. आईच्या पाठीला तिचा गाल चिकटला.

आणि वरून हॉर्न आला.

टिपर नव्हता, माणसांनी खच्चून भरलेली जीप होती. पण रस्ता तेवढाच, कड तीच. जागा द्यायलाच हवी होती. परत फिरावं, खडकाला घासून उभं राहावं, लेकीला आधी उतरवावं, सगळं एकदम मनात आलं आणि कशालाच वेळ नव्हता. तिने गाडी डावीकडे घेतली. ब्रेक दाबला. पाय सोडला.

खडी लागली. मग खडीखालची माती.

जीप गेली. कोणी तरी आतून हाक मारली, दशैं कसा झाला विचारलं. इमकलाने नुसती मान हलवली. धूळ खाली नदीकडे उतरत गेली. त्या दिवशीच्या झुडपांना नवी पालवी आली होती. तिने तिकडे एकदाच बघितलं आणि नजर रस्त्यावर आणली. पाय जिथे टेकला होता तिथेच होता.

"पोचला?" पाठीमागून बारीक आवाज आला. डोळे मिटलेलेच असणार.

"पोचला."

"पूर्ण?"

"टाच पण."

जुनकिरीने थोडा विचार केला. कमरेवरची तिची पकड सैल झाली नाही.

"मग आता उचल," ती म्हणाली. "मला भूक लागलीय."