खंडेनवमीची साफसफाई

भाऊंचा कुलवृत्तांत मी संपवला. घरातले सगळे 'चुकून झालं' म्हणतात आणि मी म्हणू देते.

भाऊ म्हणजे माझे सासरे. बँकेतून निवृत्त झाल्यापासून बारा वर्षं ते घराण्याचा इतिहास जमवत होते. चौदा पिढ्या, चारशे कुटुंबं, कोण कुठे जन्मलं, कोणाला किती मुलं. गावोगावहून आलेली पत्रं टाइप झाली की लगेच रद्दीत जायची. डोंबिवलीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये भाऊंना एक जादा कागद खपत नाही.

कॉम्प्युटर मीच लावून दिलेला. ठाण्याच्या ऑफिसात माझं कामच लिनक्सची मशीनं सांभाळण्याचं, म्हणून भाऊंच्या मशीनवरही विंडोज काढून लिनक्सच घातलं. भाऊंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "पासवर्ड वगैरे माझ्या लक्षात राहणार नाही. बटण दाबलं की सुरू झालं पाहिजे." म्हणून डिस्कला कुलूप घातलं आणि किल्ली मदरबोर्डवरच्या सुरक्षा चिपमध्ये ठेवली. मशीन सुरू झालं की चिप आपली आपणच कुलूप उघडते. चिपने कधी दगा दिलाच तर दुसरी किल्ली हवी. ती म्हणजे आठ-आठ अक्षरांचे आठ गट. ते स्टिकरवर छापून मी कॉम्प्युटरच्या कॅबिनेटच्या बाजूला चिकटवले आणि सवयीने त्याचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवला. बाहेर कुठे कॉपी ठेवू का विचारलं, तर म्हणाले, "आपलं घराणं परक्याच्या कॉम्प्युटरवर कशाला?"

गणपतीच्या सुमारास फाँट बिघडला म्हणून त्यांनी मला फाइल उघडायला लावली. शेवटच्या पानावर होतं: नील, पत्नी अंतरा. निःसंतान.

समृद्धीला आम्ही घरी आणलं तेव्हा ती अकरा महिन्यांची होती. आता नऊ वर्षांची आहे. भाऊ तिला रोज शुद्धलेखन घालतात, संत्र्याच्या फोडी बिया काढून देतात. तिचं अक्षर दाखवायला शेजाऱ्यांना घरात बोलावतात.

"भाऊ, समृद्धीचं नाव राहिलंय," मी म्हटलं.

"राहिलेलं नाही. कुलवृत्तांत रक्ताचा असतो. दत्तकाची नोंद त्यात करत नाहीत. तू शिकलेली आहेस, मनाला लावून घेऊ नकोस."

नीलला सांगितलं, तर तो मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणाला, "जाऊ दे ना यार, कोण वाचणारे ते?"

मी वाचलेलं होतं. त्या दिवसापासून भाऊंना चहा देताना माझा हात जड व्हायचा.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या हत्यारांची पूजा असते. विळी, नीलचं ड्रिल मशीन, माझा लॅपटॉप आणि मानाच्या पाटावर भाऊंचा कॉम्प्युटर. पूजेला वस्तू लखलखीत हवी. भाऊ सकाळीच फडकं घेऊन कॅबिनेटसमोर बसले. स्टिकरच्या कडा काळ्या पडल्या होत्या. त्यांनी त्यावर खोबरेल तेल चोळलं, नखाने तो खरवडला आणि त्याच्या गोळ्या करून केरात टाकल्या. मी ओट्यापाशी नारळ हातात घेऊन बघत होते. एक हाक पुरली असती.

आमचा कचरेवाला साडेआठला येतो. मी नऊपर्यंत काही बोलले नाही.

नऊला भाऊंनीच हाक मारली. "अंतरा, सुरू करताना ते जुन्या विंडोजचं नाव येतं ना, ते काढून टाक. उद्या दसऱ्याला फाइल पेनड्राइव्हवर घेऊन प्रेसला द्यायची. त्याआधी मशीन आतूनही स्वच्छ पाहिजे."

लिनक्स उठायच्या आधी मशीनमध्ये फर्मवेअर जागं होतं, मदरबोर्डवरचा मूळचा प्रोग्राम. कोणाला आधी उठवायचं याची यादी त्याच्याकडे असते. मी त्याच्या सेटिंगमध्ये शिरले आणि यादीतली मेलेली नावं पुसली. दोन मिनिटांचं काम, धोका शून्य. तिथेच थांबता आलं असतं. मी खालचं पान उघडलं.

"हे काय?" भाऊंनी चष्मा सारखा केला.

"सुरक्षा चिप. जुन्या किल्ल्या असतात त्यात."

"जुन्या कशाला हव्यात?"

"पुसू?"

"विचारतेस काय? पूस."

"भाऊ, मशीन विचारतंय, नक्की का म्हणून."

"मशीनला आणि तुला, दोघांनाही एकदा सांगून कळत नाही का?"

मी हो म्हटलं. इतकं बरं वाटलं की पुरणपोळ्यांचा घाट घालावा.

मशीन पुन्हा सुरू झालं आणि काळ्या पडद्यावर एकच ओळ आली. डिस्कची किल्ली द्या. भाऊ हसत कॅबिनेटच्या बाजूला वाकले. स्वच्छ, तेलकट पत्र्यावरून त्यांनी हात फिरवला. मग परत फिरवला.

"अंतरा, इथे काहीतरी होतं."

"होतं ना," मी म्हटलं.

ते पाटाशेजारी खाली बसले. समृद्धी खाली कचऱ्याच्या डब्यांपाशी धावत गेली आणि कोपरापर्यंत हात बरबटवून परत आली. "आजोबा, मी सगळे डबे बघितले, नाहीये हो," म्हणून तीच रडायला लागली. भाऊंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मला दया आली नाही. त्याच दुपारी मी मोबाईलमधला फोटो पुसला, मग पुसलेल्या फोटोंची पेटीही रिकामी केली. कामात मी कच्ची नाही.

दिवाळी होईपर्यंत भाऊ धड जेवत नव्हते. मग एक दिवस त्यांनी दोनशे पानी वही आणली. जमेल तेवढं आठवून पुन्हा लिहायचं, आणि सुरुवात घरापासून करायची. पण त्यांचा हात आता कापतो. लिहायला सुंदर अक्षराचं माणूस हवं होतं, आणि ते घरातच होतं.

परवा ऑफिसातून आले तेव्हा दोघं खिडकीपाशी बसलेले. समृद्धीची जीभ ओठाच्या कोपऱ्यात आली होती, मन लावून लिहिताना येते तशी.

"नील," भाऊ सांगत होते. "पत्नी अंतरा. पुढे लिही, निःसंतान. विसर्ग विसरू नकोस."

"निःसंतान म्हणजे काय, आजोबा?"

"ज्यांना मूलबाळ नाही ते."

पेन थांबलं. तिने मान वर करून दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं. चप्पल माझ्या हातातच होती. संगणकात ती ओळ एका माणसाने लिहिली होती. ती मी पुसली, आणि आता माझीच पोर ती पुन्हा लिहीत होती.

"ओळ सरळ ठेव, बाळा," भाऊ म्हणाले.

तिने मान खाली घातली आणि लिहिलं. मग वही माझ्यासमोर धरली, विसर्ग नीट आलाय का ते बघायला.