फिल्म उलटी केल्यावर

संघप्रियाचा सत्कार रविवारी होता, आणि ज्यासाठी सत्कार होता ती गोष्ट खरी नाही हे तिला शनिवारी दुपारी कळलं.

ती चंदगडकडच्या एका वाडीतली. कोल्हापुरात पीएच.डी. करत होती. गावच्या भाताच्या पिंजरातून, म्हणजे पेंढ्यातून, सेल्युलोजचे डोळ्यांना न दिसणारे स्फटिक काढायचे, त्यात सोन्याचे तसेच बारीक कण मिसळायचे आणि ते सगळं पाण्यात कालवून काचेवर वाळवायचं, हे तिचं काम. वाळलं की मोरपिसासारखी झळाळणारी पातळ फिल्म उरायची. वाळताना स्फटिक दोरीच्या पिळासारखे वळत बसतात, म्हणून अशी फिल्म डाव्या वळणाचा प्रकाश परतवते आणि उजव्या वळणाचा आरपार सोडते. हे सगळ्यांना ठाऊक होतं. नवं होतं ते संघप्रियाचं म्हणणं, की सोन्याचे कणही त्याच पिळात बसलेत. यंत्राच्या आलेखावर तसं उंच टोक आलं होतं. मार्गदर्शक सरांनी शोधनिबंध एका नियतकालिकाला पाठवला, तो स्वीकारला गेला, पेपरात तिचा फोटो आला.

फक्त क्रांतीला शंका होती. ती शेजारच्या टेबलावर काम करणारी, संघप्रियाच्याच वर्षाची. एकदा सगळ्यांसमोर म्हणाली, “फिल्म पालथी घालून माप की एकदा. दोरी उलटी धरली म्हणून पीळ बदलत न्हाय. टोक तसंच आलं तर खरं.”

“तुझी एक फिल्म धड वाळत नाही,” संघप्रिया म्हणाली, “आणि माझ्या फिल्ममध्ये खोट काढतेस?”

बाकीचे हसले. क्रांती खाली मान घालून काम करू लागली.

त्या शनिवारी लॅबमध्ये कुणी नव्हतं. गावात दाखवायला फिल्म काढताना संघप्रियानं सहज ती पालथी घालून यंत्रात ठेवली. जिथं टोक होतं तिथं तेवढाच खोल खड्डा आला. तिनं दुसरी फिल्म घेतली. पुन्हा खड्डा. कण पिळात नव्हतेच. वाळताना ते एका दिशेला ओढले गेले होते, आणि त्या सरळ रेषेलाच ती पीळ समजली होती. सरांचा नंबर काढला, पण लावला नाही. फिल्म पाकिटात घातली आणि एसटी पकडली.

रविवारी वाडीतल्या विहाराबाहेर तिच्या फोटोचा फलक होता. आतमध्ये बाया, पोरं, म्हातारी माणसं दाटीनं बसली होती. मंडळाच्या केरबाकाकांनी भाषण केलं, “आपल्या पिंजराचं सोनं केलं पोरीनं!” तिनं काळ्या कागदावर फिल्म ठेवली आणि थ्रीडी सिनेमाचा चष्मा पुढं केला; त्याची एक काच डाव्या वळणाचा प्रकाश सोडते, दुसरी उजव्या. डाव्या काचेतून फिल्म लखलखायची, उजव्या काचेतून रंगच नाहीसा व्हायचा. माणसं एकेक डोळा मिटून बघत होती, टाळ्या वाजवत होती. बघत होती ते खरं होतं, पण टाळ्या दुसऱ्याच गोष्टीसाठी होत्या. खांद्यावर शाल पडली तेव्हा तिला वर बघवलं नाही.

“लाजतीया बगा,” तानाबाई आत्या कौतुकानं म्हणाली.

संध्याकाळी परसात तिनं वडिलांना, धम्मपालना, सगळं सांगितलं. दोरीचा दाखला देऊन सांगितलं. क्रांतीला काय बोलली तेही सांगितलं.

“सकाळी ठावं हुतं तुला?” त्यांनी विचारलं.

“कालच कळलं होतं.”

“आन् तरी शाल घेतलीस.”

मग तेच म्हणाले, “आदी सरांस्नी सांग. मग हितं यून तूच सांग. तुज्या वतीनं म्या न्हाय बोलणार.”

सोमवारी सरांनी दोन्ही आलेख शेजारी शेजारी ठेवून पाहिले. ते चिडले नाहीत, त्याचंच तिला जास्त लागलं. “पालथी घालून बघितली का, हे मीच विचारायला हवं होतं,” ते म्हणाले, आणि निबंध मागे घेतो असं संपादकांना तिच्यासमोरच कळवलं.

क्रांती लॅबच्या नळावर हात धूत होती. संघप्रिया सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “तू म्हणत होतीस तेच खरं निघालं. मी तुला नको ते बोलले.”

“त्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन रडले,” क्रांती म्हणाली. “एवढ्यात हसून बोलायला जमायचं न्हाय मला.” तिनं नळ बंद केला. “पण फिल्म कशी वाळवतेस ते दाखव. कण कुठं ओढले जातात ते बघूया.”

पौर्णिमेला वंदना झाल्यावर संघप्रिया विहारात उभी राहिली. वडील मागच्या भिंतीला टेकून बसले होते.

“म्हंजे पेपरातलं खोटं?” केरबाकाकांनी विचारलं.

“व्हय. चूक माझी. सत्काराच्या आदल्या दिवशी कळलं होतं, तरी मी गप्प बसले.”

एका बाईनं पोराला उगाच जवळ ओढलं. केरबाकाका चष्मा पुसत राहिले, मग उठून बाहेर गेले, आणि ते परत आत येईपर्यंत ती तशीच उभी होती.

“फलक काढायला सांगितलाय,” ते म्हणाले. “बस खाली.”

ती बायांच्या रांगेत जाऊन बसली. तानाबाई आत्यानं सरकून जागा दिली, पण तिच्याकडं बघितलं नाही.